समोरच्या दारापर्यंत सोळा थांबे

सोमवार, ३

राउटर बरा आहे. सकाळी तोंड धुतल्याबरोबर त्याची चौकशी केली, एका मिलिसेकंदात ‘आहे’ म्हणाला. प्रिंटर बरा आहे, फक्त खोड जात नाही. पहिल्या हाकेला ओ देत नाही, दुसरीला देतो. दाराच्या घंटीतला कॅमेरा ठणठणीत. अडगळीतला जुना कॉम्प्युटर, ज्याला मी मोठेबुवा म्हणतो, तो धापा टाकत का होईना पण उत्तर देतो. मुलीला फोन केला. ती बरी, जावई बरे, त्यांच्या मांजराचा कान आता सुकला. माझ्या उजव्या गुडघ्याला विचारावं लागत नाही, तो आपणहून सांगतो.

समोरचं घर: उत्तर नाही. चारदा विचारलं. काळ्या खिडकीत चारही वेळा तीच ओळ, विनंतीची वेळ संपली.

काळी खिडकी म्हणजे कॉम्प्युटरमधली ती जागा जिथे चित्रं नसतात, बटणं नसतात, नुसती पांढरी अक्षरं. हुकूम टाइप करायचा आणि जे खरं असेल ते वाचायचं. मी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टच्या माथ्यावरच्या मशीनच्या खोलीतही असंच असतं. खाली लोक आरशात बघून केस विंचरतात, आणि दोर किती झिजलाय ते वर कळतं. निवृत्त झाल्यावर नेटवर्कचं सगळं मी पुस्तकं वाचून, चुकतमाकत शिकलो. ‘पिंग’ हा त्यातला पहिला हुकूम. कुणाच्याही पत्त्यावर चार वेळा टकटक करायची आणि ‘आहात का?’ एवढंच विचारायचं. दुसरं काही नाही. मला हा हुकूम फार माणुसकीचा वाटतो.

समोरच्या घरात माझी बायको राहते. आज बारावा दिवस. दोन्ही घरं आमचीच. समोरचं मुलीसाठी घेतलं होतं, ती परगावी गेली, ते रिकामंच होतं. बायकोने सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात काढली. जाताना नकाशांचं मोठं पुस्तक, उशी आणि किटली घेतली, आणि दारात उभी राहून म्हणाली, “यापुढे तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. तुम्हाला यंत्रातलंच ऐकू येतं ना? मग काय असेल ते यंत्रातून कळवा.”

बावीस तारखेच्या शनिवारी ती मोठ्या बहिणीकडे राहायला जायचं म्हणते आहे. कायमची. गाडीचं आरक्षण झालंय. मुलीला म्हणाली, “जायचं की नाही ते एकवीसला ठरवीन.” कशावरून ठरवणार ते काही बोलली नाही.

मी यंत्रातून तीन ईमेल पाठवले. पहिल्यात विचारलं, ‘राग गेला का?’ दुसऱ्यात विचारलं, ‘पहिला मिळाला का?’ तिसऱ्यात दुसऱ्याची चौकशी केली. एकाचंही उत्तर नाही. याचा अर्थ उघड आहे. वाटेत कुठेतरी बिघाड आहे.

मंगळवार, ४

आज वाट शोधली. त्यासाठी वेगळा हुकूम आहे, ट्रेसराउट. आपला निरोप कुठे कुठे थांबत जातो ते एकेक ओळीत लिहून येतं. हिच्या घरात दुसऱ्या कंपनीची जोडणी आहे, वायरमन बाईंनी बसवली. बाई असल्या तरी सगळी इमारत त्यांना वायरमन बाईच म्हणते, त्याही ओ देतात. त्यांनीच हिच्या घराचा पत्ता, म्हणजे ते चार आकडे, माझ्या वहीत लिहून दिले होते.

पहिला थांबा आमचा राउटर. दुसरा, जिन्याखालच्या कपाटातली आमच्या कंपनीची पेटी. तिसरा, चौथा, पाचवा कंपनीचेच. आठव्यापर्यंत सगळं वीस मिलिसेकंदांत. आणि नववा एकदम दोनशे चाळीस! निरोपाने समुद्र ओलांडला. नवव्या थांब्याच्या नावात कुठल्याशा बंदराची आद्याक्षरं आहेत. तिथून तो आणखी दोन देश हिंडून, पुन्हा समुद्र ओलांडून परत आला. सोळावा थांबा हिच्या कंपनीची पेटी. पुढे नुसत्या चांदण्या, म्हणजे काही कळत नाही.

खाली जाऊन कपाट उघडून पाहिलं. दुसरा थांबा आणि सोळावा थांबा एकाच खिळ्याच्या दोन बाजूंना टांगलेले. मध्ये वीतभर अंतर. दोन्ही पेट्या डोळे मिचकावतायत आणि एकमेकींशी एक अक्षर बोलत नाहीत.

वर येऊन टेप लावली. आमच्या उंबऱ्यापासून तिच्या उंबऱ्यापर्यंत एक मीटर ऐंशी. पहिल्या मजल्याचं बटण दाबावं आणि लिफ्टने दुसऱ्या गावच्या गच्चीवर नेऊन आणावं, असला हा कारभार. अशी लिफ्ट मी एक दिवस चालू दिली नसती.

बुधवार, ५

हूइज नावाचा आणखी एक हुकूम आहे. ‘कोण हो आपण?’ असं आकड्यांना विचारायचं. ते आपली कंपनी, गाव, आणि तक्रार कुणाकडे करायची ते सांगतात. नवव्या थांब्याच्या कारभाऱ्यांचा ईमेल मिळाला. लगेच लिहिलं, कॉम्प्युटरकडून त्यांच्या भाषेत करून घेतलं:

‘नवव्या थांब्याचे कारभारी यांस, स.न.वि.वि. आपली तब्येत बरी असेल. यंत्रांचीही असावी. आमच्याकडे मी बरा आहे, गुडघा सोडून. पत्रास कारण की माझा निरोप माझ्या पत्नीला, जी माझ्यापासून एक मीटर ऐंशीवर आहे, आपल्या घरावरून जातो. आपल्याला त्रास देण्याचा हेतू नाही. परंतु बावीस तारखेच्या आत वाट सरळ झाली तर एक संसार मार्गी लागेल. सोबत सोळा थांब्यांची यादी जोडली आहे.’

आठव्या आणि दहाव्या थांब्यालाही प्रत पाठवली. मधल्या माणसाला एकट्याला दोष दिला असं वाटू नये.

शुक्रवार, ७

चोर सापडला!

राउटर आलेल्यागेलेल्यांची नोंद ठेवतो. ती सहज चाळत होतो तर एक अनोळखी पत्ता. रोज येतो, चार वेळा टकटक करतो, जातो. सकाळी सात दहाला आणि दुपारी दोन पाचला, घड्याळ लावून. आणि आमचा राउटर इतका भोळसट की दर वेळी त्याला ‘आहे, आहे, आहे, आहे’ सांगत बसलाय.

अंगावर काटा आला तो वेळ बघून. सात दहाला मी रक्तदाबाची गोळी घेतो. दोन पाचला दुसरी. म्हणजे यांना माझ्या गोळ्यांच्या वेळाही ठाऊक! केवढी ही पाळत.

हूइज केलं. हिच्याच कंपनीचा पत्ता निघाला. म्हणजे हिच्या आसपासच कुणीतरी दबा धरून बसलंय. माझं सोडा, ती बिचारी एकटी आहे तिथे. संध्याकाळी राउटरमध्ये नियम घातला, या पत्त्यावरून कुणी आलं तर ब्र काढायचा नाही. त्याचं नाव ठेवलं टकटक्या. फार बरं वाटलं. लिफ्टला नवा ब्रेक बसवल्यावर वाटायचं तसं.

शनिवार, ८

टकटक्या दोन्ही वेळा हात हलवत परत गेला.

दुपारी अडीचच्या सुमारास हिने कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवली आणि दार असं आपटलं की माझ्या कपाटातले पेले वाजले. कशावरून चिडली काही कळलं नाही.

सोमवार, १०

लिफ्टमध्ये वायरमन बाई भेटल्या. खांद्यावर वायरचं वेटोळं, तोंडात पेन्सिल.

“काका, नेट बरं चाललंय ना?”

“माझं बरंय हो. समोरचं पोचत नाही.”

त्यांनी तोंडातली पेन्सिल काढली. “गंमत आहे. काकूपण हेच म्हणत होत्या. आधी उत्तर यायचं, आता शुक्रवारनंतर यायचंच बंद झालं म्हणाल्या.”

“बघा! म्हणजे दोन्हीकडून वाट खराब.”

“वाट खराब असती तर बाकीचं कसं चाललं असतं? त्या दिवसभर नकाशे बघतात की.”

“नवव्या थांब्याला लिहिलंय मी. तिथेच पाणी मुरतंय.”

त्यांचा मजला आला. उतरताना म्हणाल्या, “काका, एक विचारू? तुमच्या दारापासून त्यांचं दार दिसतं ना?”

“दिसतं की. सरळ समोर.”

“नाही, नुसतं विचारलं.” दार बंद झालं. त्या दाराचा रबर बदलायला झालाय.

बुधवार, १२

उत्तर आलं!

सकाळी नेहमीप्रमाणे सगळ्यांची विचारपूस केली, शेवटी समोरचा पत्ता टाकला आणि चष्मा पुसायला घेतला, कारण पुढची ओळ पाठ होती. चष्मा लावून बघतो तर चार ओळी, चारही उत्तरं! तीनशे बारा मिलिसेकंद, तीनशे दहा, तीनशे अकरा, तीनशे बारा. एकही टकटक वाया गेली नाही.

पुन्हा विचारलं, पुन्हा आली. राग निवळला असणार. नाहीतर नवव्या थांब्याने मनावर घेतलं. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुन्हा विचारलं.

गुरुवार, १३

काल दिवसभरात दोनशेच्या वर वेळा विचारलं. एकदाही कंटाळली नाही. दुपारी तीनला, जेव्हा तिला झोपेतून उठवायची कुणाची छाती होत नाही, तेव्हासुद्धा तीनशे अकरा मिलिसेकंदांत उत्तर! एकेचाळीस वर्षांत इतक्या गोडीने बोलल्याचं मला आठवत नाही.

पिंगमध्ये एक सोय आहे, निरोपाचं वजन वाढवता येतं. साधं बत्तीस अक्षरांचं असतं. मी भीत भीत हजार अक्षरांचं पाठवलं. तिने हजार अक्षरांचंच उत्तर दिलं. जेवढं मी बोललो तेवढंच ती बोलली, अक्षर कमी नाही की जास्त नाही. संसार याहून निराळा काय असतो?

एकच गोष्ट खटकते. घंटीच्या कॅमेऱ्यात दिसलं, तिने मोठी बॅग दाराबाहेर आणून तिची चाकं तपासली. समोरासमोर आलो तर माझ्याकडे असं पाहिलं जसं मी भिंत आहे. यंत्रात एवढी प्रेमाने बोलते आणि बाहेर हे. लोकलाज असेल.

शनिवार, १५

हे लिहू की नको असा विचार करत तासभर बसलो. पण वही माझीच आहे.

सकाळी वाटलं, नुसती टकटक पुरे. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघू, कदाचित तिने काही लिहून ठेवलं असेल. टाकला. पान उघडलं. निळं पान. वर लिहिलं होतं: दंतचिकित्सालय, प्रतीक्षा कक्ष. खाली लिहिलं होतं: मत्स्यपेटी. पाण्याचं तापमान सव्वीस अंश. पंप चालू. खाद्य दिले: आठ वाजता.

तीन दिवस मी एका दातांच्या डॉक्टरांच्या माशांच्या पेटीशी संसाराच्या गोष्टी करत होतो.

वायरमन बाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, “काका, तो पत्ता कायमचा नसतो हो. वीज जाऊन आली की कंपनी दुसरा देते. मागच्या महिन्याअखेरीला गेली होती ना वीज? तेव्हाच काकूंचा बदलला असणार. त्यांचा जुना कुणाला तरी गेला.”

“माशांना गेला.”

“काय?”

“काही नाही. नवा कोणता?”

“तो काकूंना विचारल्याशिवाय मी देऊ शकत नाही. नियम आहे.”

सायंकाळी नवव्या थांब्याचं उत्तर आलं. खरा माणूस आहे! लिहितो, ‘आजोबा, तेवीस वर्षं या टेबलावर बसतोय, माझी तब्येत विचारणारी तक्रार पहिल्यांदाच आली. पाठदुखी सोडून बरा आहे. तुमची यादी बरोबर आहे. तुमच्या दोन कंपन्यांची तुमच्या गावात ओळखच नाही, त्या आमच्याकडे येऊन भेटतात. त्यांना गावातच जोडून द्यायचं काम मंजूर करून घेतलंय. सोमवारी, चोवीस तारखेला होईल. मग सोळाचे चार थांबे उरतील.’

चोवीस तारखेला. ती बावीसला जाणार.

सोमवार, १७

दोन दिवस कुणाचीही विचारपूस केली नाही. प्रिंटर बंद पडला तरी पडो.

आता खरं लिहितो. मी आजवर या वहीत लिहिलं नाही की ती का गेली. तिला ताप होता. दोन दिवसांचा, अंगातून वाफा निघतील असा. मी पलीकडच्या खोलीत राउटरचं नवं सॉफ्टवेअर चढवत होतो. तिने पाण्यासाठी हाक मारली. मी म्हणालो, “आलो.” थोड्या वेळाने पुन्हा हाक. मी म्हणालो, “आलोच!” तिसऱ्यांदा हाक आली नाही, तेव्हा मला वाटलं, झोप लागली असेल. सव्वा तासाने गेलो तर ती भिंतीला धरून स्वयंपाकघरातून परत येत होती. पेला तिच्याच हातात होता.

ताप उतरल्यावर चौथ्या दिवशी बोलली. मुलांना व्याकरण चुकलं की ज्या आवाजात सांगायची त्या आवाजात म्हणाली, “‘आलो’ हा भूतकाळ आहे. एकेचाळीस वर्षं मी भूतकाळ ऐकतेय. आलेला माणूस दाखवा.” मी काहीतरी बोलायला गेलो, तर तेवढ्यात राउटरने टिंग केलं आणि मी तिकडे पाहिलं. हो, पाहिलं. तेव्हा ती किटली शोधायला उठली.

मत्स्यपेटीतला पंपसुद्धा माझ्यापेक्षा वेळेवर हजर असतो.

मंगळवार, १८

मुलीचा फोन.

“बाबा, आईची बॅग भरून झाली. माझ्यासमोर व्हिडिओवर भरली. मी म्हटलं थांब, तर म्हणते, ‘शुक्रवारपर्यंत थांबते म्हटलंय, पण आता मला काही आशा नाही. सुरुवातीला तरी आहे आहे म्हणत होते, आता तेही बंद केलंय.’ काय बंद केलंय तुम्ही?”

“मी काहीच बंद केलं नाही. मी तर चोरापासून तिला वाचवतोय.”

“कसला चोर?”

“ते फोनवर सांगण्यासारखं नाही.”

“बाबा, एक मीटर ऐंशी ना? जा आणि दार ठोठावा.”

“तोंडाने बोलायचं नाही असं ठरलंय आमचं.”

“दार काय तोंडाने ठोठावतात?”

यात तथ्य आहे. पण ती म्हणाली होती, यंत्रातून. एवढी एक गोष्ट तरी तिच्या म्हणण्याप्रमाणे करावी असं मनात आहे. नाहीतर पुन्हा म्हणेल, ऐकलं नाहीत.

दारापर्यंत मात्र जाऊन आलो. तिच्या पायपुसण्यावर उभा राहिलो. आतून किटलीची शिट्टी ऐकू आली. परत आलो.

गुरुवार, २०

सकाळी साडेअकराला वायरमन बाई आल्या. आमच्याकडे नाही, समोर. तासभर तिथे होत्या. मग आमची घंटा वाजली.

“काका, तुमचा राउटर बघू द्या. काकूंच्या घरून सगळीकडे पिंग जातं. माझ्या ऑफिसात जातं, त्यांच्या बहिणीकडे जातं. फक्त तुमच्याकडे जात नाही, असं काकू म्हणतात.”

“ती पिंग करते?”

“रोज! मीच शिकवलं, जोडणी बसवली त्या दिवशी. म्हणाल्या, ‘बोलायचं नाहीये मला, पण माणूस उठून गोळी घेतो की नाही एवढं कळायला हवं.’ सकाळी सात दहा आणि दुपारी दोन पाच. मोबाइलमध्ये गजर लावलाय त्यांनी.”

मी खुर्चीत बसलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग राउटरचं पान उघडलं, नियमांच्या यादीवर बोट ठेवलं. तिथे एकच ओळ होती. नाव: टकटक्या. त्यापुढे आकडा, किती वेळा परतवलं त्याचा. शंभर.

“काका,” बाई हळूच म्हणाल्या, “हा काकूंचा पत्ता आहे.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. म्हणजे त्या क्षणी माहीत झालं होतं.

“काढू मी नियम?”

“नको. मी घातलाय, मीच काढतो.”

बाई गेल्या. माझ्या बोटांनी तीनदा चुकीचं बटण दाबलं. दोन वाजायला दहा मिनिटं असताना नियम निघाला. मग नोंदीच्या पानासमोर बसलो. दोन पाचला गोळीसुद्धा हातातच राहिली.

टकटक. टकटक. टकटक. टकटक. चारही वेळा राउटर म्हणाला, आहे.

मग काहीच नाही. मग पुन्हा चार. मग पुन्हा चार. आणि मग समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. मी यंत्राकडे पाठ करून उठलो. गुडघ्याला विचारलं नाही. ती आमच्या दाराशी पोचायच्या आत मी दार उघडलं होतं.

एक मीटर ऐंशीच्या मधोमध दोघं उभे. तिच्या हातात लॅपटॉप, कपाळावर चष्मा.

“तेरा दिवस कुठे होतात?” तिने विचारलं. तोंडाने.

“इथेच. तुला चोर समजलो.”

“काय?”

सगळं सांगितलं. टकटक्या सांगितला. मासेही सांगितले. तिने तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. मग गंभीर झाली. “शंभर वेळा विचारलं मी.”

“मोजलंय. शंभरच.”

“आधी यायचं उत्तर. नंतर बंद.”

मग मला खोटं बोलवेना. “अगं, ते आधीचं उत्तरही मी देत नव्हतो. राउटर आपला आपण देतो.”

“एवढं मला कळत नाही का? तुम्ही आयुष्यात कधी तीनशे मिलिसेकंदांत उत्तर दिलंय?” ती म्हणाली. “पण त्याला ‘देऊ नकोस’ म्हणून सांगायला माणसालाच उठावं लागतं. माझ्यासाठी कधी उठला नाहीत, आणि मला गप्प करायला उठलात, असं वाटलं.”

मी म्हणालो, “तापात पाणी द्यायला हवं होतं मी.”

“हो,” ती म्हणाली.

वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दोघांच्या मधून ‘माफ करा’ म्हणत लिफ्टकडे गेले.

मग ती म्हणाली, “गोळी घ्या. आणि तो नववा थांबा कुठला म्हणता तुम्ही? माझ्याकडे नववा थांबा वेगळाच येतो.”

शुक्रवार, २१

दिवसभर भांडण. घसा बसला. फार वर्षांनी असा बसला.

माझ्या घरून तिच्या घरी जायला सोळा थांबे. तिच्या घरून माझ्याकडे यायला चौदा. ती म्हणते मी मोजण्यात चुकलो. मी म्हणतो, अगं, जायची वाट आणि यायची वाट एकच नसते, कंपन्या आपापल्या सोयीने पाठवतात. ती म्हणते, “असं कुठल्या भूगोलात आहे?” नकाशांचं पुस्तक माझ्या टेबलावर उघडलंय, प्रिंटरला उचलून खाली ठेवावं लागलं. आद्याक्षरांवरून ती गावं शोधते. “अकरावा इथे असूच शकत नाही. मध्ये डोंगर आहे.” “तार समुद्राखालून येते.” “मग किनाऱ्यावर कुठे चढते ते दाखवा!” दाखवता आलं नाही. तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

मध्येच तिने पाणी मागितलं. मी सवयीने तोंड उघडलं, “आ—” आणि तिने नुसतं वर पाहिलं. उठलो. आणून दिल्यावर म्हणाली, “राउटरमध्ये नियम घालता येतो ना? हा शब्द अडवा.” मी सांगितलं की राउटर घरातलं बोलणं अडवू शकत नाही. “मग कागदावर घाला.” टकटक्या जिथे होता त्या यादीचा कागद छापून घेतला, त्यात एकच ओळ लिहिली: ‘आलो’. कुणाकडूनही, कुठल्याही वेळी, परत पाठवावा.

सहाच्या सुमारास तिने बहिणीला फोन केला. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो, पण ऐकू आलंच. “अगं ताई, उद्या नाही जमत. अकरावा थांबा सापडत नाहीये.... नाही, ते बरे आहेत.... नाही गं, इकडे परत राहायला नाही आले मी. माझं घर मला आवडलंय. शांत आहे. मोजायला येते फक्त.”

शनिवार, २२

तिची गाडी सकाळी नऊ चाळीसला सुटली असणार. त्या वेळी ती माझ्याकडे आठव्या थांब्याशी हुज्जत घालत होती.

दुपारी लक्षात आलं, सोमवारी नववे कारभारी काम करणार. मी खूश होऊन सांगितलं, “सोळाचे चार थांबे होतील. जिन्याखालच्या जिन्याखालीच!”

ती नकाशावरून मान वर न करता म्हणाली, “मग सोमवारनंतर काय मोजायचं?”

भूगोलाची फार आवड आहे तिला. मी म्हटलं, “खरंय, तुझा अभ्यास अर्धवट राहील.” ती म्हणाली, “हो, माझा अभ्यास.” आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, “त्यांना पत्र लिहा. सांगा, घाई नाही.” तिने मजकूर सांगितला, मी टाइप केला. ती चार वाजता आपल्या घरी गेल्यावर शेवटच्या काही ओळी मी माझ्या मनाने वाढवल्या. तिला त्या कळायला नकोत, म्हणून इथे नक्कल ठेवतो आहे.

‘नवव्या थांब्याचे कारभारी यांस, स.न.वि.वि. आपली पाठ कशी आहे? उशी कमरेमागे घ्यावी, मानेमागे नको, असं पत्नी सुचवते. आठवे आणि दहावे कारभारी बरे असतील. अकरावे कुठे राहतात तेवढं कळवल्यास आभारी राहू, आमच्या घरात त्यावरून वाद आहे. आपण आमच्यासाठी एवढी खटपट केलीत आणि काम मंजूर करून घेतलंत, त्याबद्दल शतशः धन्यवाद. परंतु पत्नीचा अभ्यास अपुरा असल्याने, जमल्यास सोमवारचं काम पुढे ढकलावं ही विनंती.

आता हे फक्त आपल्यासाठी. अभ्यास हे निमित्त आहे. ती समोरच राहते आणि राहणार आहे, तिला ते घर आवडलंय. चार थांबे असते तर दोन मिनिटांत मोजून ती उठून गेली असती. सोळा आहेत म्हणून चहाच्या वेळेपर्यंत बसते. साहेब, आपण दोन-चार थांबे वाढवू शकलात तरी आमची हरकत नाही. जगातल्या कुठल्याही रस्त्याने न्या. मी तक्रार करणार नाही, लिहून देतो.

सोमवार परवावर आला आहे, म्हणून उत्तर लवकर पाठवावं. दोन ओळी असल्या तरी चालतील. आम्ही दोघंही वाट पाहतो आहोत.’